टीम म्हणते ‘नव्वद टक्के झालंय’, आणि गेले तीन आठवडे नव्वदच आहे

रंकाळाकाठ (६ फेब्रुवारी, रात्री ११:४२)

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं इथं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहायची वेळ आली.

कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सात वर्षं कोड लिहिला. दिवाळीनंतर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, आता हा प्रोजेक्ट तू सांभाळायचास. पगार होता तेवढाच आहे, फोन मात्र वाढलेत.

काम असं आहे. एक पतसंस्था, ११ शाखा, साधारण ४२ हजार खाती. त्यांची जुनी सिस्टीम फॉक्सप्रोवर (जुन्या काळचं डेटाबेस सॉफ्टवेअर) चालते, ती काढून आमची बसवायची. बचत, मुदत ठेव, कर्ज, सोनेतारण, पिग्मी (एजंट रोज दारोदार फिरून गोळा करतो ती बचत), सगळं. करारात तारीख १ एप्रिल. आज मोजले, ५४ दिवस राहिलेत. टीम मला धरून सहा जणांची, त्यातले दोघे गेल्या वर्षी कॉलेजातून बाहेर पडलेले.

दर सोमवारी मीटिंग घेतो. डेटा ट्रान्सफर कुठवर आलं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘नव्वद टक्के झालंय, थोडं राहिलंय.’ तीन सोमवार हेच ऐकतोय. पोरं खोटं बोलत नाहीत, रात्री नऊ-नऊपर्यंत बसतात.

दुसरं म्हणजे संस्थेचे एक संचालक. आठवड्यातून दोनदा फोन, ‘एक बारीकसं काम होतं.’ गेल्या महिन्यातलं बारीकसं काम म्हणजे पिग्मी एजंटांसाठी मोबाइल ॲप! आमचे साहेब म्हणतात, नाही म्हणू नकोस, गिऱ्हाईक मोठं आहे.

आणि तिसरं, मीच घरी येऊन जेवण झालं की लॅपटॉप उघडून दुसऱ्यांचा कोड दुरुस्त करतो. बायको विचारते, तू लीड झालास की हमाल?

प्रोजेक्ट सांभाळायचा म्हणजे रोज सकाळी ऑफिसात जाऊन नेमकं करायचं काय, हे कुणी सरळ मराठीत सांगेल का? ऑनलाइन कोर्स केलाय. सर्टिफिकेट आहे. हे त्यात नव्हतं.

---

चहा_बिनसाखरेचा (७ फेब्रुवारी, सकाळी ८:१०)

जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरता का? नसाल तर आधी ते सुरू करा. दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे छोटे टप्पे, रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या मीटिंग. आपोआप शिस्त लागते.

---

रंकाळाकाठ (७ फेब्रुवारी, सकाळी ९:०५)

@चहा_बिनसाखरेचा, वापरतो हो. बोर्डावर सगळं हिरवंगार दिसतं. उभ्याउभ्याची मीटिंगही होते, पस्तीस मिनिटं.

---

मु_पो_शारजा (७ फेब्रुवारी, सकाळी ११:३०)

बारा वर्षं इकडे हेच काम करतोय. एकच मंत्र: जेवढा वेळ लागेल असं वाटतं, त्याच्या दुप्पट गिऱ्हाइकाला सांगायचा. मग लवकर दिलं की तो खूश, आपण मोकळे. आता तुमची तारीख ठरून गेलीय म्हणा, पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

---

ओळंबा (७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५०)

रंकाळाकाठ, मला कॉम्प्युटरातलं फारसं कळत नाही. नातीने शिकवलं म्हणून इथं टाइप तरी करता येतं. पण ३४ वर्षं बांधकामाच्या सायटीवर काढलीत, आणि तुमचं ते ‘नव्वद टक्के झालंय’ वाचून हसूच आलं. आमच्याकडे त्याला ‘होत आलंय साहेब’ म्हणतात.

साधारण २००४ सालची गोष्ट. एका इमारतीचा तिसरा स्लॅब पडायचा होता. आदल्या संध्याकाळी ठेकेदाराला विचारलं, काय, तयार का? तो म्हणाला, सगळं तयार, सकाळी सहाला पंप लावा. मी गाड्या बुक केल्या. सकाळी वर चढून बघतो तर सेंट्रिंग चोख, सळई बांधलेली, खाली कव्हर ब्लॉकसुद्धा घातलेले. सुरेख काम. आणि दोन खोल्यांत पंख्याचे बॉक्स नाहीत, वायरिंगचे पाइप अर्धेच टाकलेले. इलेक्ट्रिशियन गावाला, भाच्याचं बारसं. तेवढ्यात पहिला मिक्सर गेटात येऊन उभा, ढोल फिरतोय. काँक्रीट गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत ओतून मोकळं व्हायचं असतं, नाहीतर ते गाडीतच धरायला लागतं. दुसऱ्या एका माणसाला झोपेतून उठवून आणेपर्यंत ती गाडी परत पाठवावी लागली. पैसे आमच्याच माथी.

आता ऐका. ठेकेदार खोटं बोलला का? अजिबात नाही. त्याच्या लेखी तयार म्हणजे त्याचं काम तयार. माझ्या लेखी तयार म्हणजे काँक्रीट ओतता येईल इतकं तयार. शब्द एकच, अर्थ दोन, आणि मी विचारलं नाही. चूक माझी.

त्या दिवसापासून पोअर कार्डाशिवाय एक घमेलं पडू दिलं नाही. पोअर कार्ड म्हणजे साधा कागद. मोठ्या कंपन्यांच्या सायटीवर असतोच, आमच्यासारख्या मधल्या ठेकेदारांकडे कंटाळा करतात. सेंट्रिंग, सळई, कव्हर, पाइप, पंख्याचे बॉक्स, बाथरूमचा उतार, प्रत्येकासमोर ज्याचं काम त्याची सही. इलेक्ट्रिशियनच्या जागी ठेकेदाराने सही केलेली चालायची नाही. सहीला हात घातला की माणूस एकदा मागे वळून बघतोच.

तेव्हा सोमवारी ‘किती टक्के’ हे विचारणं बंद करा. टक्के बांधकामात फक्त बिल काढायला लागतात. विचारायचं असं: कुठल्या शाखेची किती खाती नवीन सिस्टीममध्ये उघडून दिसतात, आणि ती बरोबर आहेत असं संस्थेतलं कोण म्हणालं? ‘एकही शाखा पूर्ण नाही’ असं उत्तर आलं तर ते नव्वद टक्के नव्हे, शून्य आहे. आणि शून्य आज कळलेलं बरं, वीस मार्चला कळून उपयोग नाही.

दुसरं. तुमच्या कामात पेडणं कुठं आहे ते शोधा.

सांगतो काय ते. त्र्याण्णव ते शहाण्णव मी रत्नागिरीकडे कोकण रेल्वेच्या एका पोटठेकेदाराकडे होतो, अगदी खालच्या पायरीवर, मोजमापं घेणारा पोरगा. महामंडळ १९९० साली झालं आणि पाच वर्षांत गाडी धावायची असं ठरलं होतं. महामंडळाचे प्रमुख श्रीधरनसाहेब, त्यांची ती उलटी घड्याळं प्रसिद्धच आहेत, किती दिवस गेले ते नाही, किती राहिले ते दाखवणारी. आम्हा सगळ्यांना वाटायचं अडलं तर करबुड्याच्या बोगद्यात अडेल. साडेसहा किलोमीटर, तेव्हाचा देशातला सगळ्यांत लांब रेल्वे बोगदा. पण तिथं काळा कातळ. कातळ कठीण असतो, पण दगाबाज नसतो. आज इतके मीटर फोडलं तर उद्याही तेवढंच फुटणार, हिशेब मांडता येतो. अडलं कुठं? गोव्यात पेडण्याला. जेमतेम दीड किलोमीटरचा बोगदा, पण पाण्याने भरलेली मऊ माती. पुढे खणावं तर वरून खाली येतंय. सगळ्या मार्गाचा शेवटचा दुवा तोच राहिला आणि मुंबई ते मंगळूर सलग मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ला.

लांबी बघून घाबरायचं नाही, माती बघून घाबरायचं. तुमच्या ४२ हजार खात्यांत कातळ कुठला आणि मऊ माती कुठली, ते तुम्हालाच ठाऊक. पोरांना विचारा की ते ‘थोडं राहिलंय’ म्हणजे नेमकं काय राहिलंय. माझा अंदाज, तिन्ही सोमवार एकच गोष्ट राहिलेली असेल. उद्यापासून तुमचा सगळ्यांत हुशार माणूस तिथं घाला. सोपी कामं पुढं ढकला, ती पळून जात नाहीत.

शारजावाल्या भावाचं दुपटीचं गणित मला पटत नाही. दुप्पट वेळ दिला की काम दुप्पट वेळानेच सुरू होतं, हे मी गवंड्यांत बघितलंय आणि इंजिनिअरांतही.

आणि रात्री कोड दुरुस्त करणं बंद करा. मी पण सुरुवातीला थापी हातात घ्यायचो. छान वाटतं, हात चालतो, काहीतरी केल्यासारखं होतं. त्या वेळात खाली वाळूची गाडी येऊन परत गेली तरी आपल्याला पत्ता नसतो.

संचालकांबद्दल नंतर लिहितो, जेवायला बोलावतायत.

---

शून्यबाकी (७ फेब्रुवारी, रात्री १०:१५)

ओळंबाकाकांच्या पोस्टला सलाम. मी टेबलाच्या पलीकडची बाजू सांगते. एका सहकारी बँकेत हिशेब खात्यात होते आणि आमच्याकडे जुन्यावरून नव्यावर जायचं काम झालं तेव्हा रोज संध्याकाळी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाजूंची बेरीज, जुळवायचं माझ्याकडे होतं.

पहिलं म्हणजे, तुम्ही ५४ दिवस धरलेत ते तुमचे. संस्थेचे तेवढे नाहीत. मार्च उजाडला की पतसंस्थेतला शिपाईसुद्धा वसुलीला बाहेर असतो. थकबाकी, एनपीएचं म्हणजे थकलेल्या कर्जांचं प्रमाण, वर्षअखेरीचं व्याज, या सगळ्यात ‘जरा ही नावं तपासून द्या’ म्हणून गेलात तर चहा देतील, वेळ देणार नाहीत. जे काही संस्थेच्या माणसांकडून तपासून घ्यायचंय ते फेब्रुवारीतच घ्या. म्हणजे तुमच्या हातात तीन आठवडे आहेत.

दुसरं, अकराच्या अकरा शाखा एका दिवशी का? सगळ्यांत शांत शाखा निवडा, जिथला शाखाधिकारी समजूतदार आहे ती. तिथं पंधरा दिवस दोन्हीकडे एंट्री करा आणि रोज दुकान बंद करताना तेरीज दोन्हीकडून काढून समोरासमोर ठेवा. कर्मचारी चौथ्या दिवशी कंटाळतात, दुहेरी काम कुणाला आवडतं? आमच्या व्यवस्थापकांनी त्या शाखेत एक जास्तीचा माणूस दिला होता, तो तुम्हीही लेखी मागून घ्या.

आमच्याकडे अकराव्या दिवशी २,३५० रुपयांचा फरक आला. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, मॅडम, एवढ्याशा रकमेसाठी थांबायचं का? मी म्हटलं, थांबायचं. दोन दिवस खतावणी उलटीपालटी केली. निघालं काय, तर जे सभासद वारले होते त्यांची खाती ‘बंद’ म्हणून आणलीच नव्हती, पण त्यांचा न नेलेला लाभांश देणं होता. एका शाखेत २,३५० आणि बाकीच्या सगळ्या शाखांचे मिळून किती, तो आकडा बघून सॉफ्टवेअरवाले गप्प बसले. तुम्ही बंद खाती आणताय ना?

@मु_पो_शारजा, राग मानू नका, पण दुप्पट वेळ सांगतात हे आम्हालाही माहीत असतं. म्हणून आम्ही खरी तारीख सांगतच नाही.

---

मु_पो_शारजा (७ फेब्रुवारी, रात्री १०:४०)

😄 मान्य, ताई.

---

ओळंबा (८ फेब्रुवारी, सकाळी ६:२०)

संचालकांचं राहिलं होतं.

घरमालक सायटीवर येतो आणि म्हणतो, ही खिडकी जरा इकडे घेऊ. नाही म्हणायचं नसतं. हो पण म्हणायचं नसतं. मी एक वही ठेवायचो, शंभर पानी, पिवळ्या पुठ्ठ्याची. त्याच्यासमोर उघडायची, तारीख घालायची, त्याच्याच शब्दांत लिहायचं: ‘हॉलची खिडकी दोन फूट पूर्वेला.’ पुढं मी लिहायचो: लिंटल (खिडकीवरची काँक्रीटची पट्टी) तोडावं लागेल, चार दिवस, इतके रुपये, प्लास्टर तेवढं पुढं जाईल. आणि वही त्याच्याकडे सरकवायची, सही करा साहेब. दहातल्या सहा खिडक्या जागच्या जागी राहायच्या. उरलेल्या चार खरंच हलवायला हव्या होत्या, त्या हलवल्या, आणि पुढे उशीर झाला तेव्हा भांडण झालं नाही.

यात राग नको, टोमणा तर मुळीच नको. घर त्याचं आहे. त्याला फक्त किंमत दिसली पाहिजे, ती ही की ॲप हवं तर १ एप्रिलची तारीख जमणार नाही.

तुमच्या साहेबांनाही हाच कागद दाखवा. ‘जमणार नाही’ म्हणून केबिनमध्ये गेलात तर ते तुम्हाला समजावून परत पाठवतील. ‘या दोन्हीतलं आधी कुठलं करू, तुम्ही सांगा’ म्हणून गेलात तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.

आणि उशीर होणार असेल तर आजच सांगा. मी एकदा पंधरा दिवस दाबून ठेवलं होतं. मालकाने वास्तुशांतीच्या पत्रिका छापल्या, पुण्याहून पाहुणे आले आणि घराला दारं नव्हती. आजही तो माणूस रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवर जातो.

---

चहा_बिनसाखरेचा (८ फेब्रुवारी, सकाळी ९:३०)

वही भारी आहे. आमच्या ऑफिसात याच गोष्टीसाठी सतरा कॉलमांची एक्सेल आहे, कुणी उघडत नाही.

---

रंकाळाकाठ (१५ फेब्रुवारी, रात्री ९:५०)

आठवडाभर गायब होतो. काय झालं ते लिहितो, सल्ला दिलात म्हणजे हिशेब द्यायला हवा.

सोमवारी टक्के विचारले नाहीत. ‘शाहूपुरीच्या शाखेतली किती खाती उघडून दाखवता?’ असं विचारलं. शांतता. मग त्या दोन नवीन पोरांपैकी एक म्हणाला, सर, आकडे सगळे आलेत, पण नावं येत नाहीत.

काका, आमचं पेडणं सापडलं. नावं!

जुन्या सिस्टीममध्ये मराठी नावं जुन्या फॉन्टमध्ये आहेत, ती युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या कोडमध्ये, आणायची होती. ‘पाटील’, ‘जाधव’, ‘शिंदे’ सुरळीत आले, म्हणून नव्वद टक्के. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘सुऱ्यवंशी’ असं चुकीचं टाइप केलेलं ‘सूर्यवंशी’, जोडाक्षरं, रफार, तिथं सगळं मोडत होतं. त्यातही गंमत अशी की ऱ्ह हा संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो. स्क्रीनवर डोळ्याला दोन्ही ‘कुऱ्हाडे’ सारखेच दिसतात, पण आत कोड वेगळे, त्यामुळे एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. काउंटरवर म्हातारा उभा, पासबुक हातात, आणि क्लार्क सांगणार, आजोबा, तुमचं खातंच नाही. पोरगा तीन आठवडे एकेक नाव हाताने दुरुस्त करत बसला होता. सांगायला लाजत होता. मला वाटलं होतं नावं म्हणजे सगळ्यांत सोपं, म्हणून तर नवख्याला दिलं होतं.

आता आमच्यातली सगळ्यांत अनुभवी मुलगी त्याच्यासोबत बसवली. तिने आधी सगळे ऱ्ह आणि ऱ्य एकाच पद्धतीचे करून टाकले, मग उरलेली संशयित नावं वेगळी काढली. हजारभर निघाली. शून्यबाकीताईंचं ऐकून ती यादी शाखेशाखेत वाटली, २५ फेब्रुवारीच्या आत सहीनिशी परत हवी म्हणून. पाच शाखांकडून आलीसुद्धा.

वही आणली. पिवळी मिळाली नाही, निळी आहे. संचालकांना समोर बसवून ॲपचं लिहिलं: पाच आठवडे, आणि तेवढे आठवडे सोनेतारण मागे. त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘सोनं मागं नको बाबा.’ ॲप जूनवर गेलं. सही केली. माझा विश्वासच बसेना.

तारखेचं अजून नक्की नाही. साहेबांना म्हटलं, १ एप्रिलला तीन शाखा, बाकीच्या मेअखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने. ते आधी लाल झाले, मग संस्थेच्या व्यवस्थापकांना फोन लावला. ते म्हणे पलीकडून हसले, ‘आम्हीच म्हणणार होतो.’

ताई, बंद खाती आणलेली नव्हती. आता आणतोय.

रात्रीचं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. काल परत उघडला लॅपटॉप.

---

शून्यबाकी (१५ फेब्रुवारी, रात्री १०:२०)

छान झालं. एक विचारायचं राहिलं होतं. नावं स्क्रीनवर नीट दिसतात म्हणालात. पासबुकावर छापून बघितलीत का? शाखांतले प्रिंटर जुनेच असतील ना?

---

रंकाळाकाठ (१५ फेब्रुवारी, रात्री १०:२४)

…

---

ओळंबा (१५ फेब्रुवारी, रात्री १०:३१)

पंख्याचा बॉक्स.

---

रंकाळाकाठ (१५ फेब्रुवारी, रात्री १०:३५)

उद्या साडेनऊला शाहूपुरी शाखेत जातोय. कुणाचं तरी ‘कुऱ्हाडे’ नावाचं पासबुक आधी घेऊन ठेवा म्हणून क्लार्कला आत्ताच मेसेज टाकलाय.